राहीचं पोट

"त्याला आण हिकडं," धोंडूबाई म्हणाली, आणि राहीने हो-नाही म्हणायच्या आत तिने कमळूला सुनेच्या पदराखालून ओढून काढलंसुद्धा. कमळू सहा महिन्यांचा होता आणि आत्ता कुठे छातीला लागला होता. भरल्या ताटावरून उठवलेल्या पाहुण्यासारखं त्याने आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि मग असं भोकाड पसरलं की गोठ्यातले बैल खाता खाता थांबले.

"आत्याबाई, त्याचं पोट भरू द्या तरी!"

"त्याचं कशाला भरू? तुझं भरलंय ना! दोन जिवांच्या बाईचं दूध पाजशील त्याला? माझ्या नातवाला मारशील गो!"

"माझ्या पोटात काय नाय. कितींदा सांगू?"

"मंग ते काय हाय? भोपळा?"

राहीने खाली पाहिलं. पोट होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. बेंबीच्या वरखाली चांगलं गोल, पुढे आलेलं, लुगडं कितीही आवळलं तरी निऱ्यांच्या वर डोकावणारं. पण त्यात दुसरा जीव नव्हता, हे जितकं राहीला ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. आणि नेमकं तिलाच कुणी विचारत नव्हतं. वैशाखरे गावात सगळे धरून चालत की अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवस गेले की तिचं दूध फिरतं आणि पिणाऱ्या पोराला बाधतं. म्हणून त्याच दिवशी पोराला तोडायचं. राहीचं पोट दिसत होतं, म्हणून कमळूचं दूध बंद. एवढा सरळ हिशेब होता, आणि राहीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

संतापायचं खरं कारण आणखी वेगळंच होतं. हे पोट राहीने कुठून आणलेलं नव्हतं, ते धोंडूबाईनेच तिला दिलं होतं. कमळू झाला तो ऐन आषाढात, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या घाईत. एरवी बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याने घट्ट बांधतात, शेक-शेगडी देतात, सव्वा महिना तिला जड म्हणून काही उचलू देत नाहीत. राहीचंही पोट बांधलं होतं. पण बारसं आटोपलं त्या दिवशी धोंडूबाई म्हणाली, "राबातली रोपं पिवळी पडाय लागली. हात कमी हायत." राही चिखलात उतरली. वाकताना पोटाला बांधलेलं लुगडं आड यायला लागलं, तेव्हा ते सासूनेच बांधावर उभं राहून सोडवून घेतलं आणि त्याची पुढे कमळूला दुपटी झाली. भाताच्या पेंढ्या उचलल्या, भारे वाहिले, झोडणी झाली, कणग्या भरल्या. पोट मात्र ज्या जागी होतं त्या जागी राहिलं. तेव्हा ते कुणाच्या डोळ्यांत आलं नाही, कारण तेव्हा राहीचे हात हवे होते.

ते डोळ्यांत आलं म्हसा गावच्या जत्रेत. अडतीस सालची गोष्ट. पौषातली पुनव, बैलांचा बाजार भरलेला, राहीचा नवरा सावळाराम एका तांबड्या बैलाचे दात बघत होता आणि राही कमळूला कडेवर घेऊन त्याच्या मागे उभी होती. तेवढ्यात गर्दीतून गुणाबाई आली. गुणाबाई ही धोंडूबाईची चुलत नणंद, शहापूरकडे दिलेली. ती दर वर्षी जत्रेला यायची. घोंगडी घ्यायला येते म्हणायची, पण घोंगडीपेक्षा जास्त माणसं बघून जायची. तिने राहीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शंभर माणसांच्या देखत राहीच्या पोटावर आपला तळवा ठेवला. सावळाराम बैलाची पाठ चाचपत होता, त्याहूनही निवांतपणे तिने ते पोट चाचपलं.

"कितवा गो?"

"काय कितवा?"

"मईना!"

"कसला मईना? कमळूला सहा झालं."

"त्याचा नाय इचारत. ह्याचा इचारते." आणि तिने पोटावर एक चापटी दिली.

राहीने तिचा हात झटकला. पण धोंडूबाई शेजारीच उभी होती. तिने सुनेच्या पोटाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच गाडीतून उतरलं होतं. "पाचवा असंल," ती हळूच म्हणाली. "पाचवाच," गुणाबाईने शिक्का मारला. सावळारामने बैलाचं तोंड सोडून दिलं आणि विचारलं, "काय पाचवा?" कुणीतरी त्याला सांगितलं. बैलवाल्याने त्याची पाठ थोपटली. सावळाराम लाजला आणि हसला, आणि राहीला त्या क्षणी बैलाऐवजी नवऱ्याचेच दात मोजून घ्यावेसे वाटले.

येताना गाडीत नवीन घोंगडी आली आणि गुणाबाईही आली, चार दिवस राहायला.

घरी आल्यावर राहीने नवऱ्याला पडवीत गाठलं.

"आवो, तुमी तरी सांगा तुमच्या आयशीला. दसऱ्यापासून तुमी सिद्धगडाच्या रानात कोळशाच्या भट्टीवर. घरी आला कवा?"

"दिवाळीला आलो व्हतो."

"तापानं फणफणत आला व्हता! घोंगडीखाली पडला आनि तसाच उठून गेला. आनि ह्या बोलतात पाचवा. पाचवा म्हंजे श्रावण. श्रावणात मी ओली बाळंतीन, आवणीच्या चिखलात व्हते."

सावळारामने डोकं खाजवलं. तो माणूस भला होता; फक्त शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. "तू बोलतीस तेबी खरंच हाय," तो म्हणाला. तेवढ्यात आतून गुणाबाईचा आवाज आला, "देवाच्या मनात आलं तर श्रावण काय नि भादवा काय!" आणि सावळाराम म्हणाला, "गुणाआत्या बोलतीय तेबी खरं हाय."

राहीला एकच पुरावा देता आला असता. ती बाहेर बसली असती तर सगळी तोंडं बंद झाली असती. पण अंगावर पाजणारी बाई पुष्कळदा वर्ष वर्ष बाहेर बसत नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, धोंडूबाईला तर चांगलंच माहीत होतं. आज मात्र तिने तेही राहीच्या नावावर लावलं. "बसली का बाहेर? नाय ना? झालं तर!"

शेजारच्या जयरामची बकरी आणली गेली. बकरीचं मत राहीसारखंच निघालं. तिने पहिल्याच सकाळी धोंडूबाईला लाथ मारून भांडं उलटं केलं. दुसऱ्यांदा कसंबसं वाटीभर दूध निघालं. ते कापसाच्या बोळ्याने कमळूच्या तोंडात पिळलं, तर त्याने ते तोंडभर साठवून गुणाबाईच्या लुगड्यावर फुर्रकन उडवलं. राही पलीकडे तांदूळ निवडत बसली होती. पोर रडलं की तिचा पान्हा फुटायचा, चोळी भिजायची, छाती दगडासारखी व्हायची. ती तांदूळ निवडत होती असं म्हणायचं. खडे सुपात टाकून तांदूळ बाहेर फेकत होती, इतका तिला राग आला होता.

एकदा ती कमळूला उचलून पेंढ्याच्या उडवीमागे गेली. पोर छातीला लागून दोन घोट घेतं न घेतं तोच उडवीच्या दुसऱ्या बाजूने धोंडूबाई आली. दुसऱ्या दिवशी तर ती कडुलिंबाचा पाला वाटूनच आली. "हे लाव. कडू लागंल, आपनच सोडंल."

राहीने ती वाटी घेतली आणि शेणाच्या खड्ड्यात भिरकावली. "लावायचं आसंल तर गुणाआत्याच्या जिभेला लावा," ती म्हणाली. सासूच्या तोंडावर असं ती जन्मात बोलली नव्हती. गुणाबाईने समजुतीने मान हलवली. "दिवस गेलं की बाई अशीच तापट व्हते," ती म्हणाली. म्हणजे रागावलं तरी तेही गरोदरपणातच जमा होत होतं.

तोवर बातमी दूरवर गेली होती. जत्रेहून शहापूरकडे परतणाऱ्या गाड्यांपैकी एकीतून गुणाबाईने राहीच्या माहेरी निरोप धाडला होता. राहीची आई जनाबाई आली ती बैलगाडीतून उतरता उतरताच बोलत आली. हातात हिरवं लुगडं, नारळ, ओटीचे तांदूळ, आणि तोंडाने जावयाचा उद्धार.

"लाज नाय वाटली तुमाला? माझ्या पोरीची हाडं भरली नायत अजून! जनावराला तरी वकुत देतात!"

सावळाराम म्हणाला, "तुमी बोलता तेबी खरंच हाय."

राही धावत आईच्या गळ्यात पडली. आता आपलं माणूस आलं. "आये, तू तरी ऐक. माझ्या पोटात काय नाय गो. उगाच पोराला तोडलंय माझ्या."

जनाबाईने लेकीला हातभर लांब धरलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. "पयल्याच्या पाठचं लवकर कळत नाय बाये," ती म्हणाली. "मलाबी तुझ्या येळंला कळलं नव्हतं. ओटी घे. आनि दूध मात्र देऊ नको हां, बाधंल त्याला."

राहीने ओटी घेतली. घेतली कसली, त्या दोघींनी मिळून तिच्या पदरात ओतली. नारळ तिच्या गुडघ्यावर आपटला. सगळं जग एका बाजूला आणि कमळूची भूक एका बाजूला, अशी गत झाली होती, आणि कमळू तर दिवसादिवसाला सुकत चालला होता. त्याचा आवाजसुद्धा आता बारीक झाला होता. राहीला रडूही येत नव्हतं. रडू वर येईपर्यंत त्याचा संतापच होऊन जायचा.

मग तिला जत्रेतला पांढरा तंबू आठवला. जत्रेत पटकी पसरू नये म्हणून सरकारने तो ठोकला होता आणि त्यात एक नर्सबाई सुया टोचत बसली होती. जत्रा अजून उठली नव्हती. राहीने डोळे खाली घातले आणि गरीब आवाजात सासूला म्हणाली, "आत्याबाई, म्हशाच्या देवाला नवस बोलून येते. पोटातल्यासाठी." धोंडूबाईला भरून आलं. तिने स्वतः हळदकुंकू बांधून दिलं. जनाबाईच्याच गाडीतून राही म्हशाला गेली.

नर्सबाई उंच, काळीसावळी, पायात बूट घातलेली आणि आवाजाने करडी होती. "आडवी हो. गुडघे वर. मान उचल," ती म्हणाली. तिने पोट दाबून पाहिलं, कानाला नळी लावून ऐकलं, आणि मग बेंबीच्या वर मधोमध बोटं टेकवली. बोटं आत गेली.

"मूल नाही," ती म्हणाली.

राहीला वाटलं, उठून हिच्या पाया पडावं. "परत बोला."

"मूल नाही म्हटलं. पोटावर मांसाचे दोन उभे पट्टे असतात. पोर वाढलं की ते मधून फाकतात, आणि बाळंतपणानंतर हळूहळू जवळ येतात. तुझे आलेले नाहीत. ही बघ, माझी दोन बोटं मधून जातात. विश्रांती किती घेतलीस?"

"आवणी व्हती."

"म्हणजे किती?"

"म्हंजे नायच."

नर्सबाईने एक दीर्घ श्वास घेतला. राहीने ओळखलं की हिलाही राग येतो, आणि तिला ती एकदम जवळची वाटली. मग नर्सबाईने तिला व्यायाम दाखवला. उताणं पडायचं, गुडघे मुडपायचे, दोन्ही हातांनी पोट दोन्ही बाजूंनी मध्ये धरायचं, तोंडाने फूंऽऽ करून श्वास सोडायचा, पोट पाठीकडे ओढायचं आणि तेवढ्यात फक्त डोकं उचलायचं. रोज सकाळी आणि दुपारी. जड ओझी बंद.

"आनि दूध?" राहीने विचारलं. "पोराला पाजू?"

"मग कोणाला पाजणार आहेस? त्याचंच आहे ते. पाज!"

"तुमी येऊन माझ्या सासूला सांगा ना."

"बाई, तुझ्यामागे ही एवढी रांग आहे," नर्सबाई म्हणाली आणि तिने पुढच्या माणसाचा दंड पकडला.

जनाबाईने हे सगळं तंबूच्या दाराशी उभं राहून ऐकलं होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हिचं लगीन तरी झालंय का? स्वतःला एक पोर नाय, आनि दुसऱ्याच्या पोटातलं सांगती!" एवढं बोलून ती आपल्या गाडीत बसून शहापूरकडे गेली. राही गावच्या गाडीने परत आली आणि तिने घरात पाऊल टाकताच सगळं सांगितलं. पण धोंडूबाईने ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "जत्रेतली बाई!" ती म्हणाली. "जत्रेत बांगड्या भराव्या, फनी घ्यावी. पोट दाखवाय कोन जातं जत्रेत?" आणि नवसाच्या नावाखाली आपल्याला फसवलं, हे तिच्या मनाला लागलं ते वेगळंच.

ठीक आहे, राही मनाशी म्हणाली. पोटच घालवते. पोट गेलं की बोलतील कशावर?

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडूबाई कमळूला मांडीवर घेऊन पडवीत बसली होती, गुणाबाई तिच्याशेजारी पेंगत होती. राहीने माजघरात घोंगडी अंथरली, उताणी पडली, गुडघे वर घेतले, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि डोकं उचलून फूंऽऽ केलं. परत केलं. सोपं नव्हतं ते. तिसऱ्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला, मान थरथरली आणि तोंडातून एक कण्हणंही निघालं. ते कण्हणं धोंडूबाईने ऐकलं. ती दाराशी आली. आता बाईमाणूस उताणं, गुडघे वर, हात पोटावर, तोंडाने फुंकतंय आणि घामाने भिजलंय, हे चित्र धोंडूबाईने आयुष्यात एकाच कामी पाहिलं होतं.

"गुणाबाई गो!" ती किंचाळली. "पाचव्यातच निघालं! सावळ्या, पळ, हिराबाईला आण!"

"आत्याबाई, मी व्यायाम—" राही उठायला लागली.

"उठू नको! पडंल!" दोघींनी मिळून तिला खांद्याला धरून परत घोंगडीवर पाडलं. गुणाबाई जाडजूड होती. ती राहीच्या खांद्यावर जवळजवळ बसलीच. "कळा दे आता, आलंच हाय तर," ती म्हणाली.

"कसल्या कळा? सोडा मला!"

"बडबडतीय. जीव घाबरलाय तिचा."

सावळाराम सुईणीकडे पळाला, आणि पळता पळता वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला. सुईण हिराबाई खळ्यावर होती. ती हातातलं सूप घेऊनच निघाली. तिच्यामागे बाया निघाल्या, बायांमागे पुरुष निघाले. चुलीवर हंडा चढला. कुणीतरी जुनं धोतर फाडायला घेतलं. माजघराचं दार लागलं, आणि पुरुषमंडळी अंगणात उकिडवी बसली. जयराम शेजारीधर्म म्हणून सर्वांत पुढे बसला. या सगळ्या गडबडीत कमळूला कुणीतरी आत आणून एका कोपऱ्यात ठेवून दिलं होतं.

हिराबाईने राहीच्या पोटावर हात ठेवला. वरून दाबलं, खालून दाबलं, बाजूने दाबलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हितं तर काय नाय."

"नाय कसं?" गुणाबाई म्हणाली. "नीट बघ."

"बघून बघून पोर येतं का गो? नाय म्हंजे नाय."

"मंग झालं असंल! ती तवापासून फुंकतीय. अंथरुनात बघा!"

राहीला हाताला धरून बाजूला केलं, आणि दोन बायांनी घोंगडी उचलून दोन टोकांना धरून झटकली. तिच्यातून पेंढा पडला आणि कमळूचं एक टोपडं पडलं. गुणाबाईने टोपडं उलटं करून आत पाहिलं. नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यात पडलेल्या कमळूने भुकेने टाहो फोडला. तो आवाज दाराबाहेर गेला. बाहेरून सावळारामचा आवाज आला, "झालं! पोर झालं!" आणि अंगणात एकच गिल्ला झाला. जयराम गूळ आणायला घरी धावला. "आवाज खणखणीत हाय, पोरगाच असनार," कुणीतरी म्हणालं. "तू बोलतोस तेबी खरंच हाय," सावळाराम म्हणाला.

तिकडे हिराबाईने एव्हाना पोटाच्या मधोमध बोटं टेकवली होती आणि ती चकित होऊन बसली होती. "धोंडू, हिकडं ये," ती म्हणाली. "हितं बोट ठेव. हितं मधी. बघ, वाट हाय. दोन बोटं जातात. पोट फाकलंय हिचं, बाकी काय नाय." धोंडूबाईने बोटं ठेवली. तिची बोटं आत गेली. तिने हात काढून घेतला आणि चुलीकडे सरकली.

राही उठली. केस सुटलेले, कपाळावर घाम. तिने कोपऱ्यातून कमळूला उचललं आणि लाथेने दार उघडलं. अंगणातले सगळे पुरुष उभे राहिले. जयराम गुळाची ढेप घेऊन येत होता, तो वाटेतच थांबला.

"हा बघा," राही म्हणाली. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. "हाच झाला. आषाढात झाला व्हता, आज परत झाला. त्याला बघाय आला ना? बघा! आठवड्याभरात त्याच्या मांडीवरचं मांस गेलं, तेबी बघा! माझ्या पोटाला हात लावाय सगळं गाव हाय. माझं ऐकाय एक मानूस नाय. नवरा म्हनून हा उभा हाय, त्याला सांगा कुनीतरी की तो घरी नव्हता, तुमचं ऐकंल तो!" आणि ती पडवीच्या मधोमध मांडी घालून बसली, पदर ओढून घेतला आणि कमळूला छातीशी धरलं.

कमळूने तोंड लावलं आणि रडणं मध्येच तुटलं. मग फक्त त्याचे घोट ऐकू यायला लागले. पुरुषांनी आपापल्या पायांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि एकेक जण काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून गेला. जयरामने गुळाची ढेप काखेत लपवली. बायाही पांगल्या. हिराबाई जाताना आपलं सूप तेवढं शोधत होती. सावळाराम तुळशीपाशी उभा राहिला होता.

"बाधंल हां," गुणाबाई दारातून म्हणाली. "आमी सांगितलं, आमचं काम झालं."

राही कमळूला तसंच छातीशी धरून उठली आणि आत गेली. सासूला सुनावायचं ते तिने दिवसेंदिवस मनात साठवलं होतं. रात्री पोर रडायचं आणि ती एकेक शब्द घासून धार लावायची. आज ते सगळं बाहेर काढायचं होतं. धोंडूबाई चुलीपलीकडे अंधारात होती. राही पुढे झाली आणि थबकली.

धोंडूबाई उताणी पडली होती. गुडघे वर, लुगडं सैल केलेलं. तिने डोकं उचललं होतं, मान थरथरत होती, आणि तिची बोटं तिच्याच पोटाच्या मधोमध रुतली होती.

"तीन जातात गो," ती म्हणाली.



"सावळ्या झाला तवा माझं पोट असंच ऱ्हायलं व्हतं. माझी सासू बोलली, दिवस गेलं. मी बोलली, नाय हो. कोन ऐकतंय? ह्याच घरात तोडलं त्याला. तो तिकडं रडायचा, आनि मी हितं पदर तोंडात कोंबून बसायची. मंग दिस भरलं, दिस सरलं, काय झालं नाय. तर सगळी बोलली, हिनंच काय तरी केलं, जड उचललं, पाडलं." धोंडूबाईने डोकं खाली टेकवलं. "मलाबी तसंच वाटत आलं. एक पोर माझ्या हातून गेलं म्हनून. दर अवसंला त्याच्या नावाचा घास ठेवते मी बाहेर. कुनाला सांगितलं नाय." तिने परत बोटं टेकवली. "पोर नव्हतंच गो हितं. वाट व्हती नुसती."

राहीचा राग गेला नव्हता. आठ दिवसांचा राग असा एका दुपारी जात नाही, आणि जाऊही नये. पण जे बोलायचं होतं ते या बाईला बोलता येईना, आणि ते परत गिळताही येईना. ती तिथेच चुलीपाशी बसली.

"तवा पयल्यांदा कोन बोललं?" तिने विचारलं. "तुमाला पाचवा म्हनून?"

धोंडूबाई आढ्याकडे बघत राहिली. मग सावकाश तिचे डोळे बारीक झाले. "गुणा," ती म्हणाली. "लगीन नव्हतं झालं तिचं, पोरगी व्हती. आमच्याकडं आली व्हती राहाय. माझ्या पोटावर असाच हात ठेवला आनि सासूला हाक मारली."

बाहेरून गुणाबाईचा आवाज आला, "वयनी, बकरी सोडलीय बघा कुनीतरी. धरू काय? पोराला दूध लागंल ना!"

धोंडूबाई उठून बसली. लुगडं आवळून घेतलं, कासोटा खोचला, केसांना गाठ मारली आणि बाहेर गेली. मग सुरुवात झाली. राहीने जे शब्द साठवले होते त्यातले बहुतेक त्यात होते, आणि वर दोन-तीन असे होते, जे तिने कधी ऐकलेसुद्धा नव्हते. गुणाबाई मध्ये एकदा "आवो वयनी" म्हणाली, आणि नंतर तिला तेही म्हणता आलं नाही. सावळाराम तुळशीपाशीच असावा, त्याचा आवाज एकदाच आला, "आये बोलतीय तेच खरं हाय."

राहीने कमळूला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि ऐकत बसली.